पाचशेतले चारशे पासष्ट

आज पाण्याचा दिवस, म्हणजे पाचवा.
येणार रात्री दोननंतर कधीतरी.
तोवर झोपून चालत नाही, म्हणून कॉम्प्युटर लावून बसले.
नवी पेठेतून आणलेली काळी डिस्क,
खोक्यावर पाचशे लिहिलेलं,
जोडल्यावर दिसतात चारशे पासष्ट.
दुकानदार म्हणाला, वहिनी, त्यांचं मोजमाप वेगळं असतं.
असेल.
आमचा टॉवेल धुतल्यावर आटतो,
ही न धुताच आटलेली.

आणि आता तीही भरली.
पिवळा त्रिकोण: जागा अपुरी आहे.
एवढं आहे तरी काय आपल्याकडे?
दोन खोल्या, एक पोटमाळा, पाच माणसं.

उघडून बघितलं.
दर रविवारी मी शहाण्यासारखी
अख्खं घर उचलून आत ठेवत गेले,
काही बदललेलं असो, नसो.
भाग्यलक्ष्मीचं लग्न अकरा वेळा.
अकरा वेळा तीच वरात कन्ना चौकातून,
अकरा वेळा तोच क्लॅरिनेटवाला मान पुसतो.
रद्द झालेल्या पावत्या, जीएसटीचे कागद,
गड्ड्याच्या जत्रेतले दोनशे सहा फोटो,
पैकी साठ माझ्या बोटाचे.

बोटं काढली.
दहा लग्नं काढताना मात्र हात थांबला,
सगळी सारखीच, तर ठेवायचं ते कुठलं?
शेवटी सगळ्यात वरचं ठेवलं.

नायना उठले, पिंपं विसळायला.
चाळीस वर्षं जेकार्डचे पुठ्ठे ठोकले त्यांनी;
भोक असेल तिथं धागा उचलतो,
नसेल तिथं बसून राहतो.
एक मोराची चादर म्हणजे बाराशे पुठ्ठे.
कारखाना गेला, पुठ्ठे वाळवीला लागले,
तेव्हा मी एकेकाचा फोटो काढून ठेवला.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"माझे मोर किती जागा खातात?"
सगळे मिळून नऊ जीबी.
"आणि भाग्याचं लग्न?"
सव्वीस.
"मोडलं तरी?"

भाग्या हैदराबादला, रात्रपाळीवर. फोन लावला.
"काढून टाक ना वदिना, मी तर कधीच काढलं."
मग मागं कुणाचा तरी कीबोर्ड वाजत राहिला.
"थांब. अम्मा नाचते तेवढं ठेव.
घड्याळाच्या दुकानापुढं आहे बघ,
पदर खोचून.
घोड्यावर तो दिसेल मागं.
दिसू दे."

दोन मिनिटं सतरा सेकंद.
तेवढं कापायला घेतलं तर मशीन म्हणालं,
कापायलाही आधी जागा लागते,
आणि माझ्या पोटात ती नाही.
यांचे चार सिनेमे उडवले.
सकाळी विचारतील, तेव्हा बघू.

दोन चाळीसला नळानं खोकून हवा सोडली.
नायनांचा हिशोब ठरलेला:
पाच दिवसांचं शिळं संडासाच्या ड्रमात,
त्यातलं बरं भांड्यांना,
ताजं माठाला आणि पितळी घागरीला.
काही फेकायचं नाही, फक्त एक पायरी खाली ढकलायचं.
हे मला कुणी आधी सांगितलं असतं
तर अकरा लग्नं साठली नसती.

मुलं झोपलेली, म्हणून आवाज बंद.
अम्मा नाचतात, बँड मुका,
चपला एका हातात धरलेल्या,
त्या कुणी चोरतील या भीतीनं, नाचताना सुद्धा.
नायना बादली नळाखाली ठेवून आले होते,
"परत लाव," म्हणाले.
लावलं.
पुन्हा लावलं.
मोरीतून पाणी उंबऱ्यापर्यंत आलं
आणि या घरात पहिल्यांदाच
पाणी वाया गेल्यावर कुणी ओरडलं नाही.

आता दोनशे नव्वद मोकळे आहेत.
पुढच्या रविवारपासून फक्त बदललेलं तेवढंच घेणार,
तशी खूण करून ठेवलीय.
काय बदललं, ते मशीनला कळतं म्हणे.
लादी पुसायची राहिलीय अजून.